छाती मोकळी आहे, मग रोजचा पंप कशाला? – दमा आणि आतल्या पेशी

काचपट्टी

नमस्कार. इथे बऱ्याच वर्षांपासून वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, सतरा वर्षं झाली. रक्ताच्या तीस-चाळीस स्लाइड रोज नजरेखालून जातात. लेशमन स्टेन चढवून स्लाइड धुतली, वाळवली आणि तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगाखाली घेतली की पांढऱ्या पेशी एकेक करून ओळखायच्या आणि शंभर भरेपर्यंत मोजायच्या. त्यातला इओसिनोफिल नवशिक्यालाही चुकत नाही. केंद्रकाचे दोन गोळे चष्म्याच्या काचांसारखे शेजारी शेजारी, आणि बाकीची पेशी केशरी-गुलाबी दाण्यांनी गच्च भरलेली, सोललेल्या डाळिंबासारखी. निरोगी माणसात शंभरात एक ते सहा.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला दमा असल्याचं निदान झालं. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ घ्यायचा स्टिरॉइडचा पंप स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामधली प्लास्टिकची नळी) लावून सुरू केला आणि अडचणीसाठी निळा पंप दिला. मागच्या डिसेंबरपर्यंत तो इतका छान झाला की खोकला नाही, रात्रीची घरघर नाही, शाळेत कबड्डी खेळायला लागला. मला वाटलं, बरं वाटतंय तर लेकराला औषध कशाला. कुणाला न विचारता मी रोजचा पंप बंद केला.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला, घराला ओल आली. एका रात्री साडेतीनला तो उठून बसला. कोपर गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर उचललेले, गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जातोय. "आई" एवढंच म्हणाला. पुढचा शब्द निघेना. निळ्या पंपाचे सहा पफ दिले आणि तसंच रिक्षात घालून दवाखाना गाठला. ऑक्सिजन, नेब्युलायझर, तीन दिवस मुक्काम. इंजेक्शन देण्याआधी काढलेलं त्याचं रक्त आमच्याच लॅबला आलं होतं. दुसऱ्या दिवशी ती स्लाइड मी स्वतः मोजली. शंभरात चौदा इओसिनोफिल.

रोज ज्या पेशी मोजते, त्या माझ्याच मुलाच्या छातीत काय करत होत्या याचा मी कधी विचार केला नव्हता. त्यानंतर दोन महिने वाचत बसले. जे समजलं ते लिहिते. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

आमच्याकडे मूळ कारण धुळीतला माइट निघाला. डोळ्यांना न दिसणारा हा किडा गादी-उशीत राहतो आणि आपल्या अंगाची गळलेली कातडी खातो. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. त्यातलं एक प्रथिन विकरच आहे, म्हणजे चिरणारं. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना जिथे चिकटलेल्या असतात तो सांधाच ते कापतं. वीटकामातला चुना खरवडल्यासारखं. भिंत दुखावली की अस्तराच्या पेशी धोक्याचे रेणू सोडतात: टीएसएलपी, इंटरल्यूकिन-३३ आणि इंटरल्यूकिन-२५.

भिंतीलगत डेंड्रायटिक पेशी बसलेल्या असतात, फांद्या पसरून. त्या हे परकं प्रथिन उचलतात, त्याचे तुकडे करतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन कोऱ्या टी-पेशींना (याही पांढऱ्या पेशीच) दाखवतात. (घसा बिघडला की आपण ज्याला अवधाण आलं म्हणतो, तशीच गाठ, पण छातीत खोल.) ज्याचा कल ॲलर्जीकडे आहे त्याच्यात इथे त्या टी-पेशीला चुकीचं वळण लागतं. ती टीएच-२ प्रकारची होते आणि तीन निरोप्ये पाठवते. इंटरल्यूकिन-४ बी-पेशींना आयजीई नावाचं प्रतिपिंड बनवायला लावतं. इंटरल्यूकिन-५ अस्थिमज्जेतून इओसिनोफिल मागवतं आणि त्यांना मरू देत नाही. इंटरल्यूकिन-१३ कफ वाढवतं आणि श्वासनलिका चिडकी करतं.

तयार झालेलं आयजीई श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं आणि वाट बघतं. इथवर मुलाला काहीही जाणवत नाही. हे सगळं महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं मुकाट चालू राहू शकतं.

मग एका रात्री तेच प्रथिन पुन्हा आत जातं आणि मास्ट पेशीवरच्या शेजारच्या दोन आयजीईंना एकदम पकडतं. काही मिनिटांत पेशीतले दाणे बाहेर पडतात. हिस्टामाइन, पाठोपाठ प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्रिन. नळीभोवतीचा स्नायू आवळतो. निळा पंप हा स्नायू सैल करतो, आणि तेवढंच करतो.

तासा-दोन तासांत हे ओसरतं आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण बऱ्याच जणांत तीन-चार तासांनी दुसरी लाट येते आणि ती अर्धा दिवसही टिकते. ही लाट आत शिरलेल्या पेशींची: इओसिनोफिल आणि टी-पेशी. इओसिनोफिलच्या त्या सुंदर केशरी दाण्यांत जंतांना मारण्यासाठी बनलेली जहाल प्रथिनं असतात. इथे जंत नाहीत, म्हणून ती आपल्याच अस्तरावर ओतली जातात. अस्तर सोलून निघतं, नळी सुजते, चिकट कफाची बुचं बसतात.

मला सांगायचंय ते एवढंच. मुलगा कबड्डी खेळत होता तेव्हाही या पेशी तिथेच होत्या. रोजचा पंप त्यांना आवरून धरत होता. मी तो काढून घेतला.

मीराची_आई

वाचताना काटा आला. ताई, स्वतःला फार बोल लावू नका, आम्हीही हेच केलंय. माझी मीरा सहा वर्षांची आहे. सासूबाई म्हणतात, पंपाची सवय लागेल. मला स्वतःला स्टिरॉइड या शब्दाचीच धास्ती वाटते. उंची खुंटते म्हणतात, ते खरं आहे का?

रत्नांग्रीकर

सविस्तर आणि मनापासून लिहिलंत. माझं वय ७१, दमा सातव्या वर्षापासून. आमच्या लहानपणी पंप कुठले! आजोबा धोत्र्याची वाळलेली पानं निखाऱ्यावर टाकायचे आणि तो धूर मला घ्यायला लावायचे. थोडा वेळ छाती उघडायची. तोंडाला कोरड पडायची आणि डोळ्यांपुढे धूसर व्हायचं. पुढे इफेड्रिन-थिओफिलिनच्या गोळ्या आल्या, त्यांनी हात थरथरायचे. रात्र रात्र उशांच्या ढिगावर रेलून काढली आहे. धोत्रा जहर आहे, कुणी चुकूनही करू नका, पण त्याने बरं का वाटायचं हे आज तुमचं वाचून लक्षात आलं. स्नायू सैल व्हायचा, आतली आग तशीच राहायची.

आता माझी फुप्फुसं पन्नाशीतच म्हाताऱ्याची झाली होती असं डॉक्टर म्हणतात. औषध दिलं तरी नळ्या पूर्ण उघडत नाहीत.

छातीचा_डॉक्टर

काका, तुमचं निरीक्षण अचूक आहे. धोत्र्यातलं ॲट्रोपिन स्नायूकडे जाणारा मज्जातंतूचा निरोप अडवतं. नेब्युलायझरमध्ये आम्ही आज वापरतो ते इप्राट्रोपियम त्याच कुळातलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला धोत्र्याच्या धुराचा हा उपाय मद्रासहून इंग्लंडला गेला होता. आणि नळ्या पूर्ण न उघडण्याचं कारणही धाग्यात आहेच. वर्षानुवर्षं दाह चालू राहिला की अस्तराखाली तंतूंचा थर जाड होतो, स्नायू वाढतो, कफ करणाऱ्या पेशींची दाटी होते. नळीची बांधणीच बदलते. तुमच्या लहानपणी हे थांबवणारं श्वासावाटेचं स्टिरॉइड नव्हतंच. पहिलं, बेक्लोमेथासोन, १९७२ च्या सुमारास आलं.

मीराच्या आई, आता तुमचं. मी गोल गोल बोलणार नाही. उंचीवर परिणाम होतो, पण तो केवढा ते ऐका. अमेरिकेत मुलांना चार ते सहा वर्षं ब्युडेसोनाइड हे पंपातलं स्टिरॉइड देऊन ती मोठी होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. २०१२ साली निष्कर्ष छापून आले. औषध न घेतलेल्यांपेक्षा त्यांची उंची सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली. फरक सुरुवातीच्या एक-दोन वर्षांतच पडला, पुढे वाढला नाही. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा: आटोक्यात नसलेला दमा, मोडलेली झोप, आणि प्रत्येक झटक्याला तोंडावाटे मोठ्या मात्रेत घ्यावं लागणारं तेच स्टिरॉइड. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीतली मिलिग्रॅममध्ये. तिच्या डॉक्टरांना सांगून आटोक्यासाठी लागेल तेवढीच कमीत कमी मात्रा ठेवा आणि दर सहा महिन्यांनी उंची मोजा. पंपानंतर चूळ भरायला लावा.

सवय लागत नाही. स्टिरॉइड टीएच-२ पेशींच्या निरोपांची जनुकं दाबतं आणि इओसिनोफिलना मरणाकडे ढकलतं. औषध काढलं की काही आठवड्यांत त्या परत जमतात. त्याला लोक सवय म्हणतात. ती रोगाची चिकाटी आहे.

रात्री साडेतीनच का, तेही सांगतो. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत खाली असतं आणि पहाटे चारच्या सुमाराला श्वासनलिका सर्वांत अरुंद असतात. दम्याचा रुग्ण रात्री किती वेळा उठतो, हे मी म्हणूनच सगळ्यात आधी विचारतो.

उत्तरध्रुव

सध्या मुक्काम स्वीडन, विषय प्रतिकारशास्त्र. काचपट्टी, तुमचं लेखन शंभर टक्के पटलं. एक भर आणि थोडा इतिहास.

भर अशी की टीएच-२ पेशी या एकट्या सूत्रधार नाहीत. २०१० साली तीन वेगवेगळ्या गटांनी एक निराळी पेशी दाखवून दिली, आज तिला आयएलसी-२ म्हणतात. ती दिसायला लिम्फोसाइटसारखीच (टी-पेशी, बी-पेशी ज्या गटातल्या, त्या), पण तिला ॲलर्जीचं विशिष्ट प्रथिन ओळखता येत नाही. अस्तराचा धोक्याचा निरोप मिळाला की ती थेट इंटरल्यूकिन-५ आणि १३ ओतायला लागते, आयजीईची वाटही बघत नाही. सर्दीच्या विषाणूने दमा का उसळतो, याचं एक उत्तर इथे आहे. विषाणूने अस्तर दुखावलं, अस्तराने हाक दिली, आयएलसी-२ जागी झाली.

आता इतिहास. १९२१ साली जर्मनीत प्राउसनिट्झ आणि क्युस्टनर असे दोन डॉक्टर होते. क्युस्टनरला मासे चालत नसत, खाल्ले की अंगभर गांधी उठत. प्राउसनिट्झने क्युस्टनरच्या रक्ताचा रस स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला. गांध उठली. म्हणजे ॲलर्जी रक्तातल्या कशाने तरी एकाची दुसऱ्याला देता येत होती. हे "काहीतरी" सापडायला पंचेचाळीस वर्षं लागली. १९६६ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पती-पत्नींनी, आणि १९६७ साली इथे उप्सालात योहान्सन आणि बेन्निक यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. १९६८ मध्ये त्याला आयजीई नाव मिळालं. ज्या गावात मी सायकलवरून कामाला जाते तिथेच हे झालंय, याचं मला रोज अप्रूप वाटतं.

आणि काचपट्टी, तुमचा आवडता इओसिनोफिल. पॉल एर्लिख यांनी १८७९ साली त्याचं वर्णन केलं, इओसिन हा रंग तो असोशीने पितो म्हणून हे नाव. इओस म्हणजे ग्रीकांची उषा. मास्ट पेशीही त्यांचीच, आदल्या वर्षीच्या प्रबंधातली. दाण्यांनी टम्म भरलेली दिसली, म्हणून त्यांना वाटलं ती खाऊन खाऊन फुगलीय. जर्मन भाषेत जनावरं पुष्ट करण्याच्या चाऱ्याला मास्ट म्हणतात.

मिरजेचा_शेतकरी

माझी अडचण वेगळी. हळद शिजवून पॉलिश करायच्या दिवसांत आणि घरी जुने कडब्याचे भारे हलवले की छाती भरते. शिंकांसाठी मेडिकलवाला ॲलर्जीची गोळी देतो, तिने नाक थांबतं पण धाप थांबत नाही. ॲलर्जी एकच ना? मग गोळी निम्मंच काम का करते?

आणि रक्तात इओसिनोफिल वाढले म्हणजे दमाच का? माझ्या मेहुण्याचे नेहमी वाढलेले असतात, त्याला काही होत नाही.

छातीचा_डॉक्टर

तुमच्या गोळीने हिस्टामाइन अडतं. नाकातल्या शिंका आणि खाज मुख्यतः हिस्टामाइनची, म्हणून तिथे गुण येतो. श्वासनलिकेचा स्नायू आवळण्यात ल्युकोट्रिनचा जोर हिस्टामाइनच्या कितीतरी पट आहे, आणि ल्युकोट्रिन मास्ट पेशींइतकंच इओसिनोफिलही बनवतात. ल्युकोट्रिन अडवणारी गोळी म्हणजे माँटेलुकास्ट. ती उपयोगी आहे, पण पंपाला पर्याय नाही. शिवाय झोपेत भयंकर स्वप्नं, चिडचिड, उदासी असे मनाचे त्रास काहींना होतात, म्हणून २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. घरातल्या मुलाला ती चालू असेल तर वागण्यातला बदल नजरेआड करू नका.

इओसिनोफिलचं म्हणाल तर आपल्याकडे आधी जंत आठवावेत. काही औषधांनीही वाढतात. आणि विदर्भातल्या वाचकांसाठी मुद्दाम लिहितो, कारण हे निदान हुकलेलं मी पाहिलंय. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचा पट्टा. हत्तीरोगाच्या जंताविरुद्ध काहींच्या फुप्फुसांत जबरदस्त प्रतिक्रिया उठते. रात्रीचा खोकला, घरघर, सगळं दम्यासारखं. पण रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये इओसिनोफिल ३००० च्या वर असतात, आणि औषध निराळं, हत्तीरोगाच्या जंतावरच्या डीईसीच्या गोळ्या. असा माणूस वर्षभर पंपच ओढत राहतो. बुरशीच्या ॲलर्जीचाही एक प्रकार आहे, त्यात एकूण आयजीई हजारांत जातं आणि तपकिरी गुठळ्यांचा बेडका पडतो.

उलट बाजूने, दम्याचे सगळे रुग्ण इओसिनोफिलवाले नसतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत किंवा चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बाईत बऱ्याचदा न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी वरचढ दिसतात. स्टिरॉइड इओसिनोफिलला मारतं, पण न्यूट्रोफिलचं आयुष्य उलट लांबवतं. "पंप घेतो पण फरक नाही" म्हणणाऱ्यांपैकी काहींचं कारण हे असतं. सगळ्यांचं नाही. अर्ध्याअधिकांचं कारण पंप घ्यायची पद्धत चुकणं हेच असतं, हे माझ्या ओपीडीतलं मत.

तुम्ही एकदा स्पायरोमेट्री करून घ्या. औषधाआधी आणि औषधानंतर फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदाला बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढली तर दम्याकडे बोट जातं. आणि हळद हलवताना नाकातोंडाला नुसता पंचा बांधून भागणार नाही, घट्ट बसणारा मास्क लावा.

काचपट्टी

इओसिनोफिलच्या आकड्याबद्दल माझी लॅबमधली भर. रक्तात ही पेशी जेमतेम काही तास असते, मग ऊतींत शिरते आणि तिथे कित्येक दिवस राहते. म्हणजे आम्ही मोजतो ती एसटी स्टँडवर उभी असलेली माणसं. गावात आधीच किती पोचलीत ते स्लाइडवर दिसत नाही. मेहुण्यांचा आकडा काय किंवा माझ्या मुलाचा काय, एका रिपोर्टवरून निकाल लावू नये. तोंडावाटे स्टिरॉइड चालू असताना रक्त दिलं तर आकडा खाली येतो आणि फसवतो, हेही ध्यानात ठेवा.

बेडक्याची स्लाइड क्वचित येते. तिच्यात कधी कधी दोन्ही टोकांना निमुळते, हिऱ्यासारखे लखलखणारे स्फटिक दिसतात. शार्को-लायडेन स्फटिक. इओसिनोफिल फुटल्यावर त्याच्यातल्या गॅलेक्टिन-१० प्रथिनाचे ते बनतात. दीडशे वर्षं त्यांना नुसती खूण समजत होते. २०१९ मध्ये निष्पन्न झालं की ते स्फटिक स्वतःही दाह पेटवतात. मेलेल्या पेशीची हाडं टोचत राहावीत तसं.

उत्तरध्रुव

या पेशींनाच नेमून मारलं तर? त्याची गोष्ट शिकण्यासारखी आहे. इंटरल्यूकिन-५ अडवणारं मेपोलिझुमॅब सुरुवातीला सरसकट सगळ्या दमेकऱ्यांना देऊन पाहिलं, फारसा गुण दिसला नाही. २००९ साली ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल खरोखर जास्त होते अशांनाच निवडून दिलं, तेव्हा झटके ठळकपणे घटले. औषध तेच होतं, माणसं नीट निवडली गेली. २०१५ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आयजीई पकडणारं ओमॅलिझुमॅब त्याआधीच, २००३ पासून आहे. डुपिलुमॅब इंटरल्यूकिन-४ आणि १३ दोन्हींचा दरवाजा बंद करतं. टेझेपेलुमॅब अगदी वर जाऊन अस्तराच्या टीएसएलपीलाच गाठतं. ही सगळी इंजेक्शनं गंभीर दम्यासाठी, आणि महाग.

मला स्वतःला वेगळ्याच पेशीची ओढ आहे. आपण सगळेच माइट श्वासातून घेतो, मग बहुतेकांना काहीच का होत नाही? नियामक टी-पेशी इतरांना शांत ठेवतात म्हणून. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल ब्रुंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना याच पेशींसाठी मिळालं. दमेकऱ्याच्या श्वासनलिकेत या पेशी हतबल का होतात, यात माझी अख्खी कामाची वर्षं जातील आणि मला ते चालेल.

रत्नांग्रीकर

काचपट्टी, एक राहिलं. मुलगा आता कसा आहे?

काचपट्टी

बरा आहे काका. पंप दोन्ही वेळा चालू आहे. डॉक्टर म्हणाले, निदान तीन महिने पूर्ण आटोक्यात राहिला की मात्रा पायरी-पायरीने कमी करू, आणि तेही पावसाळ्याच्या तोंडावर नाही. कापसाची जुनी गादी काढली. चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडकडीत पाण्यात भिजवते. साठ अंशांच्या आसपास माइट मरतात, कोमट पाण्यात मरत नाहीत. निळा पंप कपाटात वरच्या फळीवर होता, तो आता त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो आणि वर्गशिक्षिकेला तो कसा द्यायचा हे मी दाखवून आलेय.

मागच्या रविवारी त्याला लॅबमध्ये नेलं होतं. त्याच्याच रक्ताची नवी स्लाइड लावून दिली. बराच वेळ डोळा लावून बसला होता. मग म्हणाला, "सापडला, चष्मेवाला." पूर्ण शंभर मोजल्याशिवाय उठला नाही. पाच भरले. मी परत मोजले, पाचच.

मीराची_आई

आज संध्याकाळपासून मीराचा पंप परत सुरू केला, तिच्या डॉक्टरांना फोनही केला. एक बारीक शंका. स्पेसर धुऊन फडक्याने पुसते मी, ते बरोबर ना?

छातीचा_डॉक्टर

पुसू नका. भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात घालून त्यात बुडवा आणि तसाच उभा करून हवेत वाळू द्या. फडक्याने घासलं की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते, औषध भिंतीलाच चिकटतं आणि मीरापर्यंत कमी पोचतं. आठवड्यातून एकदा पुरे.